शिट्टीनंतर

“म्हणजे गेले नाहीत ना अजून?” नाना परुळेकरांनी विचारलं.

“नाही. पण सीरियस आहेत. पोराला ताबडतोब पाठवा म्हणालेत,” टाइमकीपर राजाराम म्हणाला. “चंदूला सांगू?”

नानांनी आधी टाइम ऑफिसचं दार लावून घेतलं.

चंदू म्हणजे चंद्रप्रकाश धुरी, मोहिले केबल्सच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. मस्टरवर तो फिटर होता. टीममधले सगळेच फिटर होते. पाना कुठल्या हातात धरतात हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. पगार खेळण्याचा. मुलुंडच्या त्या कारखान्यात त्यांना मशीनजवळ कुणी फिरकू देत नसे, मशीनच्या काळजीपोटी.

या मोसमात ही टीम एकदाही हरली नव्हती. आज घाटकोपरला शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी अख्खा मोसम अपराजित. उपनगरांच्या लीगमध्ये हे कुणालाच जमलेलं नव्हतं. मालकांनी आयुष्यात एक मॅच पाहिली नव्हती, पण गेटवर लावायला ‘अजिंक्य’ असा बोर्ड त्यांनी आधीच रंगवून घेतला होता. मॅनेजर नानांना बोर्डाचं काही नव्हतं. डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून त्यांनी देवाकडे हा एकच मोसम मागितला होता.

“राखीव कीपर आहे की,” राजाराम म्हणाला.

“आहे. बॉल आला की बाजूला होऊन वाट देतो. फार सुसंस्कृत मुलगा.”

नानांचा नियम जुना होता. खेळाडूंपैकी कुणाकडेच फोन नव्हता, नानांकडेही नव्हता, म्हणून सगळ्यांनी नातेवाइकांना कारखान्याचा नंबर दिलेला. मॅचच्या दिवशी घरचा निरोप आला तर तो सांगायचा शेवटच्या शिट्टीनंतर. कॅप्टन दशरथला मुलगी झाली हे असंच कळलं. लेफ्ट हाफची आजी गेली, तेही. नियम सगळ्यांना सारखा, असं नाना दर मोसमाच्या सुरुवातीला बजावत. पोरं शिव्या घालत, पण पाळत.

“नाना, बाप आहे त्याचा.”

“माहितेय रे. कणकवलीची एस.टी. रात्री. मॅच संपते संध्याकाळी. आत्ता सांगून काय तो उडत जाणार?”

दुपारीही एक एस.टी. होती. दोघांनाही ती ठाऊक होती. दोघांनीही तिचं नाव काढलं नाही.

घाटकोपरला जाताना नाना हॉस्पिटलात डोकावले. नंदाकाकूंचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. सुधारणा आहे, असं डॉक्टर म्हणत होते. नानांनी बायकोला चंदूच्या वडलांचं सांगितलं.

“सांगून टाका हो त्या पोराला.”

“संध्याकाळी सांगतो.”

“तुमची मेली ती संध्याकाळ!” काकू हसल्या. “जा आता. मी काय पळून जात्येय?”

समोर अंधेरीची बल्ब कंपनी होती. हाफटाइमपर्यंत कुणाचाच गोल झाला नाही. चंदूने दोन बॉल असे काढले की नानांना त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात फाटकातून राजारामची स्कूटर आत आली. राजाराम दशरथला गोलपोस्टमागे घेऊन गेला. मग पोरं एकेक करून तिथे जमली. नाना लगबगीने पोचले, तर घोळका पांगला.

“फोडलंस ना?” नानांनी त्याचा दंड धरला.

“आईशप्पथ, चंदूच्या वडलांचं कुणालाच काही सांगितलं नाही.”

“मग इथे काय करतोयस?”

“मॅच बघायला आलो.” फुटबॉल म्हणजे एका बॉलसाठी भांडणारी मोठी माणसं, असं राजारामचं मत होतं. आत्ता तो बुटांकडे बघत होता.

“नाना, तुम्ही बसा,” दशरथने खुर्ची ओढली. “चहा घ्या.”

“चहा कसला पाजतोस? तिकडे राइट विंगला झोपलेत सगळे!”

एरवी दशरथने उलट उत्तर दिलं असतं. आज तो नुसता हो म्हणाला.

चंदू आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

“हे काय नवीन?”

“आज हरत नाही आपण, नाना. शब्द.”

नानांना राहवेना. दोन वाक्यांचं काम होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण रेफरीने शिट्टी मारली आणि चंदू धावत गेला.

त्यानंतर टीम जे खेळली ते नानांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पास मागत नव्हतं. पडलेला माणूस न कण्हता उठत होता. मध्येच राजाराम नाक्यावरच्या इराण्याकडे फोन करायला गेला आणि परत येऊन कुंपणाशी डोकं धरून बसला. नाना समजले. कणकवलीचा निरोप असणार. संपलं असणार. आपण त्या पोराला शेवटची भेटही मिळू दिली नाही.

अगदी शेवटी अंधेरीवाल्यांना पेनल्टी मिळाली. नानांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल चंदूच्या छातीशी होता.

शिट्टी झाली. मोसम पुरा झाला होता, न हरता.

कुणी उडी मारली नाही. सगळे खाली माना घालून नानांकडेच येत होते. यांना कळलंय तर. नानांनी पुढे होऊन चंदूचे चिखलाने भरलेले हात धरले.

“चंदू, मला माफ कर रे. सकाळीच सांगायला हवं होतं, पण आपला तो नियम...”

“आधी आमचं ऐका, नाना.” चंदू रडत होता. “हाफटाइमच्या आधी हॉस्पिटलातून फोन आला होता. तेव्हा काकू सारखं तुमचं नाव घेत होत्या.”