धर्णप्पांची वर्षपूर्ती

“तोंड उघडा,” कमलाक्षी म्हणाली, आणि डेअरीत दूध घालून परतलेल्या धर्णप्पांनी अंगणातच आ केला. तिने टाचा उंचावून वास घेतला, मान डोलावली आणि दारातून बाजूला झाली.

पहाटेच्या बसने आलेली सुगंधी चूळ भरता भरता हसली आणि ठसका लागून खोकत बसली. “रोज असंच?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ. गावात मला पोलीस म्हणतात.”

“आणि आज?”

“आज तीनशे पासष्ट पुरे झाले. पोलिसाची नोकरी संपली.”

सुगंधी सहा वर्षं वडिलांशी बोलली नव्हती. आईचा हात मोडला त्या पावसाळ्यात तिने घर सोडलं आणि बेंगळुरूला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम धरलं. ‘माझ्याकडे ये’ असं ती दर फोनवर म्हणायची. आईचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘माणूस वाईट नाही गं. मारते ती दारू. ती सुटू दे, मग बघ.’

गेल्या वर्षी देवळात दारूमुक्तीचं शिबिर भरलं. धर्णप्पा आठ दिवस तिथे राहिले आणि खरंच सुटली. आज वर्ष पुरं करणाऱ्यांचा सत्कार होता. ‘तू ये, काही झालं तरी ये,’ असा आईचा निरोप होता. सुगंधी आली खरी, पण त्या माणसाला पुन्हा अप्पा म्हणायचं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

स्वयंपाकघरात हळदीच्या पानांचा वास भरला होता. पातोळ्या वाफेवर चढवून कमलाक्षी चक्क गुणगुणत होती. आईला गाता येतं, हे सुगंधीला माहीतच नव्हतं.

शेजारची देवकीअक्का मागच्या दाराने आली आणि टोपलीत कोंबड्या कोंबू लागली.

“सगळ्याच देतेस? बघ हं, मागाहून मागायला यायचीस.”

“ने गं बाई. त्यांच्यामागे धावणं आता होत नाही मला.”

“मिजास आलीय तुझ्या आईला,” अक्का सुगंधीला म्हणाली. “नवरा सुधारला ना! पूर्वी दिवेलागण झाली की मी आपली कवाडं लावून घ्यायची. आता तुमच्या घरातून नुसती टीव्हीवरची भजनं. तीही इतकी मोठ्याने, की माझ्या म्हशीला पाठ झालीत.”

तिघी हसल्या. सुगंधीने पिशवीतून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. आईच्या हातात प्लास्टिकच्या होत्या.

“काचेच्या फुटतात गं, सुपारी सोलताना.”

“तीस वर्षं काचेच्याच घालून सोललीस की.”

“म्हातारी झाले. हात वेंधळे झाले.” कमलाक्षीने बांगड्या उजेडात धरून पाहिल्या आणि एकेक करून चढवल्या. “पण आज घालते. आज नाही फुटायच्या.”

“भाषणात काय बोलणार आहेस?”

“तिथेच ऐक. गाईला दोनदा म्हणून दाखवलंय.”

“काय म्हणाली गाय?”

“रवंथ करत होती. म्हणजे पटलं असणार.”

“कमलाक्षी,” ओसरीवरून हाक आली. अगदी हलक्या आवाजात. हसू अर्ध्यावर टाकून कमलाक्षी कॉफीचा पेला घेऊन धावली. सुगंधीला गंमत वाटली. एवढी लगबग नव्या नवरीचीसुद्धा नसते.

देवळाच्या सभागृहात पांढऱ्या शुभ्र लुंग्यांमधले सात पुरुष पहिल्या रांगेत बसले होते. शिबिराचे मास्तर एकेकाच्या बायकोला माइकपाशी बोलावत होते. जलजा नावाची जाडजूड बाई तक्रारच घेऊन आली. “मास्तर, दारू सोडवलीत, ठीक केलंत. पण आता माणूस सहा वाजताच घरी येतो आणि सांबारात मीठ कमी म्हणून कटकट करतो. याची जीभ इतकी वर्षं बधिर होती, तेच बरं होतं!” सगळं सभागृह खदखदून हसलं. जलजाचा नवरा सगळ्यात जास्त हसला.

धर्णप्पा उठून मागे आले. केस चापून बसवलेले, डोळे ओलसर. “पोरी, मागे का उभी? माझ्या जागेवर बस.”

सुगंधीने त्यांच्याकडे पाहिलं. हात स्थिर होते. डोळ्यांत लाली नव्हती. सहा वर्षांचा राग विरघळला.

“बसते, अप्पा,” ती म्हणाली.

धर्णप्पांनी सत्काराच्या शालीने डोळे पुसले. कमलाक्षी शेजारीच उभी होती. तिने मुलीच्या गालावर हात ठेवला.

“घाई केलीस गं. माझं बोलणं तरी होऊ द्यायचंस.”

मग मास्तरांनी नाव पुकारलं आणि ती पदर सावरत माइकपाशी गेली. चेहऱ्यावर सकाळचंच हसू होतं.

“आमच्या यांनी वर्षभरात थेंबही घेतला नाही. देवासमोर सांगते.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो पुरता थांबेपर्यंत ती थांबली.

“मास्तर, तुमचे लई उपकार झाले. माझी शंका फिटली. दारू बिचारी उगाच बदनाम झाली. तेव्हा निदान यांचे हात थरथरायचे, दहातले पाच फटके तरी चुकायचे. शुद्धीत यांचा नेम चुकतच नाही. सुगंधी, ऊठ, दीडची बेंगळुरूची बस गाठायचीय.”