रंगाखालचं लोखंड

"टक्." एवढाच आवाज आला आणि जीप गप्प झाली.

"आली, आली! आबा, चावी सोडू नका!" बॉनेटखालनं पूर्णिमा ओरडली. हरवलेलं माणूस सापडावं तसा तिचा आवाज होता.

सयाजीनं चावी धरून ठेवली, पण लेकीचा त्याला राग आला. सकाळपासून ती त्याला चावी मारायला लावत होती आणि जीप दर वेळी गुमान सुरू होत होती. आता बंद पडली, तर ही खूश!

कारखान्यानं मोडीत काढलेली ही जीप सयाजीनं बावड्यात, आपल्या गोठ्याशेजारी, पुन्हा उभी केली होती. पोत्यावर उताणा पडून चासीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, स्वतःच्या हातानं रंग दिला होता, एकावर एक तीन हात. बघायला येणारा खाली वाकून बघायचा. आणि गेल्या महिन्यात कागलला, लग्नाच्या मांडवापुढं, सगळ्या भावकीदेखत ती अशीच टक् करून बसली. पावण्यांनी फेटे सावरत ढकलली. मेव्हणा बाळासो म्हणाला, "दाजी, त्यापेक्षा आणखी एक म्हैस घ्यायची हुती. दूध तरी दिलं असतं." सगळे हसले. सयाजीही हसला. पण त्या दिवसापासून जीप दारातनं हलली नव्हती. बॅटरी बदलून झाली, स्टार्टर बदलून झाला. कधी सुरू व्हायची, कधी नाही.

"आता सोडा," पूर्णिमा म्हणाली. ती शिरोलीला पंपाच्या मोटारी तपासायच्या कामावर होती. तिथला करंट तपासायचा मीटर तिनं आज घरी आणला होता. "हिकडं या. बघा."

सयाजी उतरला.

"स्टार्टरला करंट जातोय. चांगला जातोय. पण गेलेला करंट इंजिनातनं चासीत आणि चासीतनं बॅटरीला माघारी यायला लागतो की नाही? जायची वाट सगळ्यांनी बघितली. यायची कुणीच बघितली नाही."

"म्हंजे?"

तिनं इंजिनातनं चासीला आलेली तांब्याची विणलेली पट्टी दाखवली. "करंट ह्या टोकाला अडकतो. पट्टी कधी टेकत्या, कधी टेकत नाही."

पाना लावून तिनं बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली. सयाजी वाकला. पट्टीखाली त्याचा रंग होता. गुळगुळीत, काळाभोर, आरशासारखा.

"रंगातनं करंट जात नाही, आबा."

सयाजीनं त्या रंगावरनं बोट फिरवलं. गोठ्यात एक म्हैस शिंगं घासत होती.

"म्हंजे मीच खोडा घातला म्हण की," तो म्हणाला.

"एवढा मनापासनं रंग कुणी देत नाही, आबा. बोल्टाच्या भोकात पार आत गेलाय." ती पॉलिश पेपर हातात धरून उभी होती. "एवढाच खरवडायला लागंल. पट्टी बसती तेवढाच. काढू?"

"दे हिकडं."

सयाजीनं पोतं अंथरलं आणि जीपखाली शिरला. बराच वेळ नुसता खर्रखर्र आवाज येत राहिला. पहिला हात गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग लोखंड चकाकलं. त्यानं अंगठा फिरवून बघितलं, फुंकर मारली, आणखी एकदा घासलं. पट्टी त्यानंच बसवली, बोल्टही त्यानंच आवळला.

बाहेर येऊन त्यानं चावी पूर्णिमाच्या हातात दिली. "बस तू."

तिनं चावी फिरवली. जीप एका झटक्यात सुरू झाली. बंद केली, पुन्हा मारली. सुरू झाली. इंजिन तापू दिलं, दिवे लावले, हॉर्न वाजवला, परत बंद करून मारली. सुरू झालीच. गोठ्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"आता जुना स्टार्टर परत बसवू या," ती हसत म्हणाली. "त्याला काहीच झालं नव्हतं."

सयाजी मडगार्डवर हात ठेवून उभा होता. अंगावर, भुवयांवर काळी पूड पडली होती. तेवढ्यात समोरच्या घरातला आकाराम डेअरीला दूध घालून रिकामी किटली हलवत गल्लीत वळला.

सयाजीनं खिडकीतनं हात घातला आणि चावी फिरवून चालती जीप बंद केली.

"अहो आबा! चालू होती की!"

"गप. त्यानं ऐकली न्हाय अजून." आणि सयाजी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आकाराम! थांब जरा तिथंच! आमची पूर्णिमा गाडी चालू करत्या!"