जांभळ्या पानांचा प्रबंध

“नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवून पाहिलीस का गं?”

परीक्षक डॉक्टर उलिननी तोंडातला तमाल गिळून विचारलं. मक्याच्या पिठाचे हे तमाल नेरेइदाच्या आईने पहाटे उठून पानांत गुंडाळून वाफवले होते. परीक्षकांची तोंडं भरलेली असली की प्रश्न कमी येतात, हे मेक्सिकोतल्या व्हियाएर्मोसाच्या विद्यापीठात शिपायालाही ठाऊक असतं.

नेरेइदाचा प्रबंध तिथे घरोघरी शोभेला लावतात त्या माग्वे मोरादो नावाच्या झाडावर होता. पान वरून हिरवं, खालून जांभळं. तिने अल्कोहोलमध्ये पानांचा अर्क काढला, त्यातली संयुगं शोधली आणि अर्कात भिजवलेली कागदाची चकती जंतूंच्या तबकडीत ठेवली. चकतीभोवतीचे जंतू मेले. स्वच्छ वर्तुळ उमटलं. आईने त्याचा फोटो देव्हाऱ्यात ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीशेजारी लावला आणि मधुमेहाने चिघळलेल्या आपल्या पायाला तीच पानं बांधली. दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्याचंही जाहीर केलं.

“घरात शास्त्रज्ञ असताना त्या कसायांकडे कोण जातंय!” ती गल्लीभर सांगत सुटली.

नुसत्या अल्कोहोलची चकती राहूनच गेली होती. नेरेइदाने ती काल ठेवली. आज सकाळी पाहिलं, तर वर्तुळ तेवढंच.

“पाहिली,” ती म्हणाली.

“मग? काय आलं?”

पहिल्या रांगेत आई बसली होती. शेजारी दोन मावश्या, हातात गुच्छ. आईने पानं बांधलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला होता, परीक्षकांना नीट दिसेल असा. ‘वर्तुळ नाही आलं’ म्हटलं की पदवी हातात. पण मग हा पाय गुडघ्यापासून जाणार.

“तेवढंच वर्तुळ आलं, डॉक्टर. जंतू अल्कोहोलने मेले. पानांनी काही केलेलं नाही.”

परीक्षकांनी उरलेले तमाल संपवले, हात पुसले आणि तिला नापास केलं. आईच्या स्वयंपाकाचं मात्र तोंडभरून कौतुक केलं.

बाहेर व्हरांड्यात नेरेइदा आईच्या पायाशी बसली. “आई, सोड ती पानं. पदवी गेली तर गेली. आजपासून गोळ्या सुरू कर.”

“अगं बावळट,” आई कडाडली, “गोळ्या मी एक दिवस चुकवल्या नाहीत! पानं बांधली ती तू पास व्हावीस म्हणून!”