सरांचा एकच शब्द

गुरव सरांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘सेट’ या शब्दाचे अर्थ ते मुलांकडून गाण्यासारखे म्हणून घ्यायचे: ठेवणे, मांडणे, मावळणे, घट्ट होणे, संच. पक्षाघातानंतर त्यांच्या जिभेवर तेवढा एकच शब्द उरला.

पाणी हवं, सेट. पंखा नको, सेट. स्वर कसा चढला, कसा पडला, त्यावरून फक्त त्यांच्या बायकोला, सुमतीबाईंना कळायचं.

आज मुलगा त्यांना शुश्रूषागृहात न्यायला आला होता. “रोज उचलून उचलून तुझी कंबर गेली, आई. पण बाबा नको म्हणाले तर नाही नेणार.” मग तो वाकला. “बाबा, जायचं ना?”

सरांनी सुमतीबाईंचा पदर मुठीत धरला. “सेट,” ते हलकेच म्हणाले.

“काय म्हणतात, आई?”

सुमतीबाईंना स्वच्छ कळलं. रोज त्या भाजीला निघाल्या की सर याच स्वरात विनवत: सोडून नको जाऊस. पण आज त्यांच्या मनात काहीच हललं नाही. नुसती कंबर ठणकत होती.

“चला म्हणतात,” त्या म्हणाल्या, आणि पदर सोडवण्यासाठी सरांचं एकेक बोट उघडू लागल्या.