मागचं दार

"काहीतरी द्या सर, काहीही द्या," वेब डेस्कवरची मुलगी फोनवर म्हणाली. "लोक पान उघडतात आणि नवीन काही नाही बघून निघून जातात."

वार्ताहराने कारखान्याच्या बंद फाटकाकडे पाहिलं. आत रंगाच्या डब्यांचं गोदाम पेटलं होतं आणि पोलीस कोणाला पुढे सोडत नव्हते. आत किती माणसं अडकलीत, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. "अगं, कळलं तर देईन ना!"

"तो ब्लॉगवाला कसा देतोय मग सारखं?"

ब्लॉगवाला समोरच्या भिंतीवर बसला होता, फोन उंच धरून. त्याला ना संपादक, ना कोणाचा धाक. वार्ताहराचा नुसता जळफळाट झाला. उभी हयात त्याने छापील पेपरात काढली होती. तेव्हा बातमीला संध्याकाळपर्यंत सवड असायची. दुपारी उठलेल्या अफवा तोवर आपोआप मरायच्या, उरेल ते छापायचं. आताही छपाई रात्रीच व्हायची, पण वेबसाइटला भूक दिवसभर. आणि 'वेग नाही' म्हणून त्याच्या बरोबरीचे दोघे नुकतेच घरी बसले होते. तिसरा नंबर आपला, ही भीती त्याला झोपेतही सोडत नव्हती.

शेजारी फाटकाचा गज धरून एक बाई उभी होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घडीत टाचा उंचावून आत बघायची, घडीत हातातल्या फोनकडे.

"ताई, तुमचं कोणी आहे का आत?"

"आमचे हे. पॅकिंगला असतात." तिने पदराने तोंड पुसलं. "मागे एक दार आहे ना, तिथून पडले असतील सगळे बाहेर. पडले असतील ना हो भाऊ?"

"पडले असतील," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

फोन पुन्हा वाजला. त्याने तो उचलला नाही. गर्दीतून जरा बाजूला होऊन त्याने अंगठ्याने टाइप केलं : 'मागच्या दारातून कामगार बाहेर पडल्याचे समजते.' समजते हा पेपरवाल्यांचा मोठा सोयीचा शब्द. कोणाला समजलं, कोणाकडून समजलं, हे विचारायला वाचक काही ऑफिसात येत नाही. ओळ गेली आणि त्याला जरा हायसं वाटलं.

अग्निशमन दलाचा एक जवान पाइप ओढत जवळून चालला होता. वार्ताहराने त्याला गाठलं. "मागच्या दारातून किती जण निघाले?"

"निघतायत कुठले! त्याला बाहेरून कुलूप आहे. तेच तोडतोय."

त्याने ऑफिसला फोन लावला. "ती ओळ काढ. आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढते सर, पण सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊन पोचली ती. ब्लॉगवाल्यानेही उचलली, आपल्या पेपरचं नाव घालून." मुलीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "पहिल्यांदाच त्याने आपली उचलली!"

फाटकापाशी टाळ्या वाजल्या. कोणीतरी कोणाला मिठी मारली. भिंतीवरचा ब्लॉगवाला घसा ताणून ओरडत होता, "कामगार सुखरूप! सुखरूप!"

ती बाई गर्दीतून वाट काढत आली. डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता. "आई, रडू नका आता," ती फोनवर सासूला सांगत होती, "पोराला भरवा, तुम्हीही दोन घास खा. बाहेर पडलेत ते. पेपरात आलंय!" बोलणं संपवून तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "वाचलंत का भाऊ? तो भिंतीवरचा सांगत होता तेव्हा माझा विश्वास नव्हता बसला. पण पेपर कशाला खोटं लिहील?"

तिला खरं सांगायलाच हवं होतं.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "ते मी लिहिलंय."

तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"म्हणजे तुम्ही बघितलंत त्यांना? निळा शर्ट होता ना अंगात?"