घरची रीत

नवी सिस्टीम टाकून झाली, पण स्वयंपाकघरात ओट्यावरच्या रुळाला लटकलेला यंत्राचा पोलादी हात काही हलेना. दिगंबरने कॉम्प्युटर पुन्हा रीस्टार्ट केला आणि फोनच्या स्पीकरवर असलेल्या हेल्पलाइनच्या मुलीवर खेकसला.

"सर, हात बिघडलेला नाही," ती म्हणाली. "जुनं सगळं पुसलं गेलंय, त्याला अजून काहीच येत नाही. तासभर तो तुमच्या घरची रीत बघून शिकेल. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा."

तेवढ्यात त्याची बायको हेमांगी चहा घेऊन आली. कप ठेवताना थोडा चहा कीबोर्डजवळ सांडला. दिगंबर नेहमीसारखाच वागला. पहिल्या थपडेत तिचा ओठ फुटला, दुसरीला ती ओट्यावर जाऊन आदळली.

"चुकलीस की मार खाणार, किती वेळा सांगितलंय?"

छताला बसवलेला सिस्टीमचा कॅमेरा वळला आणि पडद्यावर ओळ उमटली : 'पहिली रीत समजली. हात चालू.'

"लागला एकदाचा," म्हणत दिगंबरने पासवर्ड टाकला. तो चुकला.

हात रुळावरून सरसरत आला. पहिल्या फटक्यात दिगंबरचे दोन दात उडाले. उठायला त्याने टेबल धरलं, तर उरलेला चहा त्याच्याच हातून सांडला. दुसऱ्या फटक्यात मनगट मोडलं.

"हेमे, बटण! बटण दाब!"

यंत्र बंद करायचं लाल बटण तिच्या हाताशीच होतं.

"मॅडम," फोनमधून हळूच आवाज आला, "बंद कसं करायचं, सांगू का?"

हेमांगीने ओठावरचं रक्त पुसलं.

"नको," ती म्हणाली. "तास कुठे झालाय अजून? शिकू दे त्याला."