चौदावा आणि पंधरावा

"आधी खा," एविंद म्हणाला. "इतिहास काही थंड होत नाही. हे गरम वॉफल होतात."

इंगेर्दने ऐकलं नाही. बशी बाजूला सारून तिने दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एक टाइप केलेला, दुसरा हाताने लिहिलेला. फिडल हे व्हायोलिनसारखं लोकवाद्य वाजवणाऱ्यांच्या राष्ट्रीय फिडलवादक मंडळाला यंदा शंभर वर्षं होत होती आणि मंडळाचा इतिहास लिहिण्याचं काम निवृत्तीनंतर तिच्या गळ्यात पडलं होतं. दोन वर्षं ती खोकी उपसत होती. हाताने लिहिलेला कागद गेल्या आठवड्यात मिळाला, एका परीक्षकाच्या नातीने पाठवलेल्या खोक्यात. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अडुसष्ट सालची स्पर्धा," ती म्हणाली. "तुमची तार तुटली होती. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मी चौदावा, हालवर्द पंधरावा. मी दुसरी तार चढवेपर्यंत तो माझ्या जागी वाजवून आला. त्यात काय?"

"परीक्षकांनी वाजवण्याच्या क्रमाने गुण लिहिले. आधी वाजवणाऱ्याला एक्क्याऐंशी, नंतरच्याला शहाऐंशी. आणि इथे समासात लिहिलंय बघा, 'तार तुटली, क्रम बदलला.' पण निकाल टाइप करणाऱ्या मुलीने समास वाचलाच नाही. छापील यादी समोर ठेवली आणि चौदावा म्हणजे तुम्ही, असं धरून एक्क्याऐंशी तुमच्या नावापुढे टाकले."

"गाढव असणार."

"मी होते ती."

एविंदने चीज कापायची सुरी खाली ठेवली. त्याच्या घरी येताना गाडीत इंगेर्दने सगळी तयारी केली होती. तो ओरडला तर काय म्हणायचं, रडला तर काय म्हणायचं. पण त्याने पुढे वाकून दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे जिंकलो मी."

"हो."

"छप्पन्न वर्षांपूर्वी."

"हो. माझ्यामुळे तुम्ही फिडल खुंटीला टांगलीत. हरल्याचं दुःख सहन झालं नाही, असं सगळे सांगतात. मी पुस्तकातही तसंच..."

"हरल्याचं?" तो जवळजवळ हसलाच. "अहो बाई, मी दर वर्षी हरायचो. सवय होती मला."

इंगेर्द गोंधळली. मग तिने नेमकी कशाची माफी मागायची? एविंदने हाताने लिहिलेला कागद उचलला, उलटा केला, जणू मागे आणखी काही लिहिलेलं असेल. मागचं पान कोरं होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी हालवर्द आला होता," तो म्हणाला. "डोंगर ओलांडून. बक्षिसाचा चांदीचा पेला घेऊन. त्या तिथे पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, हा तुझा आहे, एविंद. मी दोघांचंही वाजवणं ऐकलंय."

"मग?"

"मग काय? एका गुरूच्या हाताखाली पंधरा वर्षं काढली आम्ही. मला वाटलं, कीव करतोय. म्हटलं, भीक नको मला, चालता हो. पेला त्याच्या पाठीवर भिरकावला. नंतर दोनदा आला. मी दार उघडलं नाही. वाजवायला बसलो की पायरीवरचा त्याचा चेहरा दिसायचा. म्हणून मग तेही सोडलं."

बाहेर छपरावरचा बर्फ धप्पकन खाली पडला. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"म्हणजे तो खरं बोलत होता," एविंद म्हणाला. बोलून तो तिच्याकडे असा बघत राहिला, की त्याने सांगितलं की विचारलं, तेच तिला कळेना. "कीव नव्हती ती?"

"कागदावरून तरी नाही वाटत."

"कागदाचं नका सांगू मला. कागदाने एकदा सांगून झालंय."

तिने टाइप केलेला कागद उलटा ठेवला. मग हळूच विचारलं, "पुस्तकात काय लिहू?"

"मला काय विचारता? मी आहे का तुमच्या मंडळात?" तो उठला. भिंतीला धरून दाराशी गेला, कोट चढवला, टोपी घातली. "गाडी आहे ना तुमची? तो पलीकडच्या खोऱ्यात पुरलाय. नऊ वर्षं झाली. मी गेलो नव्हतो."

पलीकडच्या खोऱ्यात एप्रिलमध्येही बर्फ वितळलेला नव्हता. चर्चच्या मागे कबरींचे दगड अर्धे बुडालेले होते. नावं वर दिसत होती, सालं खाली बर्फात. त्या खोऱ्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. पहिल्याच ओळीत एक हालवर्द लोने होता, नाव-आडनाव अगदी त्याचंच. चार दगड सोडून दुसरा. कुंपणाजवळ आणखी दोन.

"यातला कुठला?" एविंदने विचारलं.

हालवर्द लोनेची जन्मतारीख इंगेर्दला पाठ होती. त्याच्या सगळ्या स्पर्धा, सगळे गुण पाठ होते. कबर कुठली ते तिला ठाऊक नव्हतं. ती पहिल्या दगडापाशी गुडघ्यांवर बसली आणि साल दिसावं म्हणून दोन्ही हातांनी बर्फ उकरायला लागली. खालचा थर दगडासारखा गोठला होता. नखं दुखायला लागली तशी तिने मान वर केली.

एविंद थांबला नव्हता. काठी टेकत तो एकेका दगडापाशी जात होता. हालवर्द हे नाव दिसलं की टोपी काढायचा, काही क्षण उघड्या डोक्याने उभा राहायचा, मग टोपी घालून पुढच्या हालवर्दकडे निघायचा.